अतिदक्षता विभागातील रुग्णांचे कुटुंबीय : चिंतानिवारण व आरोग्यशिक्षण

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या कुटुंबीयांना रुग्णाची अवस्था, त्याच्यावर चाललेले उपचार, भोवतालची यंत्रे व पुढील शक्यता यांची समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्यांची चिंता सुसह्य करण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणजे या संदर्भातील आरोग्यशिक्षण होय. रोगप्रतिबंध, स्वच्छता, आहार इत्यादींविषयी समाजास दिल्या जाणाऱ्या आरोग्यशिक्षणाहून ते काहीसे वेगळे आहे. येथे शिकणारी व्यक्ती स्वतः आजारी नसते. परंतु ती भयभीत, जागरणाने थकलेली व पुष्कळदा निर्णयाच्या ओझ्याखाली दबलेली असते. रुग्ण बेशुद्ध असल्यास किंवा त्याच्या श्वासनलिकेत नळी असल्यास त्याच्या वतीने संमती देणे, त्याच्या पूर्वीच्या आजारांची माहिती सांगणे व त्याची इच्छा काय असती हे ठरविणे, ही कामे कुटुंबीयांनाच करावी लागतात. त्यामुळे त्यांची चिंता ही केवळ त्यांची खाजगी बाब राहत नाही. तिचा रुग्णाच्या उपचारांवरही परिणाम होतो. ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

चिंतेचे स्वरूप : अतिदक्षता विभागातील दाखला बहुधा अकस्मात घडतो. अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, विषबाधा, रक्तातील जंतुसंसर्ग अशा कारणांनी काही तासांपूर्वी चालतीबोलती असणारी व्यक्ती नळ्या व तारा यांनी वेढलेली दिसते. चेहऱ्यावर व हातापायांवर सूज असते. नळी उपसली जाऊ नये म्हणून कधीकधी हात सैलसर बांधलेले असतात. हाक मारली तरी प्रतिसाद मिळत नाही. यंत्रांचे इशारे सतत वाजत असतात आणि त्यांतील कोणता गंभीर व कोणता किरकोळ, हे बाहेरच्या माणसास कळत नाही. या दृश्याचा अर्थ लावण्याचे साधन हाती नसल्याने कुटुंबीय तो आपल्या कल्पनेने लावतात व ती कल्पना पुष्कळदा वस्तुस्थितीहून भयंकर असते. हात बांधणे ही शिक्षा वाटते. झोपेच्या औषधाने आलेली गुंगी मेंदूची कायमची हानी वाटते.

या चिंतेचे दोन भाग करता येतात. रुग्ण खरोखरच मृत्यूच्या छायेत असल्याने उद्‌भवणारी चिंता साधार असते. ती कोणत्याही माहितीने नाहीशी होत नाही. अज्ञान, गैरसमज, प्रतीक्षा व एकाकीपणा यांतून निर्माण होणारी चिंता मात्र कमी करता येते. आरोग्यशिक्षणाचे कार्यक्षेत्र मुख्यतः हा दुसरा भाग होय.

चिंतेच्या मापनासाठी चार्ल्स स्पीलबर्गर व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली प्रसंगजन्य व स्वभावजन्य चिंतेची ४० विधानांची सूची, तसेच झिगमंड व स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयांसाठी तयार केलेली चिंता व नैराश्य यांची १४ प्रश्नांची श्रेणी, ही साधने विशेष वापरात आली. त्यांमुळे कुटुंबीयांच्या मनःस्थितीची तुलना आकड्यांत करणे शक्य झाले.

पूर्वपीठिका : गंभीर आजारी माणसाची शुश्रूषा घरीच होत असे तोपर्यंत कुटुंबीय हेच परिचारक होते व रोगाचा चढउतार ते प्रत्यक्ष पाहत असत. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांचा विस्तार झाला, तसे हे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे गेले व कुटुंबीयांस पाहुण्याचे स्थान प्राप्त झाले. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) जखमी सैनिकांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांचे परिचर्येवरील सुप्रसिद्ध पुस्तक १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनिश्चितता व प्रतीक्षा यांचा रुग्णास होणारा त्रास त्यांनी त्यात आग्रहाने मांडला आणि भेटीस येणाऱ्यांच्या पोकळ दिलाशावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. खोटी आशा दाखविणे म्हणजे धीर देणे नव्हे, हा विचार अशा रीतीने आधुनिक परिचर्येच्या आरंभापासूनच आढळतो; मात्र त्यात लक्ष होते ते रुग्णाकडे, कुटुंबीयांकडे नव्हे.

कुटुंबाची विचारपूस करणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग पुढे निर्माण झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांची व बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स सर्वसाधारण रुग्णालयात १९०५ मध्ये रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने समाजसेविकेची नेमणूक झाली. वैद्यकीय समाजकार्याची ही परंपरा भारतात १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून सुरू झाली.

अतिदक्षता विभागाचा उदय : अत्यवस्थ रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्यावर अखंड लक्ष ठेवण्याची कल्पना क्रमाक्रमाने विकसित झाली. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी १९२३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तीन खाटांची स्वतंत्र व्यवस्था केली. निर्णायक वळण मिळाले ते कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीत. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ रुग्ण साथीच्या आरंभी दगावले. तेव्हा ब्लेगडॅम रुग्णालयाचे प्रमुख एच. सी. ए. लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन (१९१५–२००७) या भूलतज्ञास पाचारण केले. इब्सेन यांनी श्वासनालास छेद देऊन त्यात नळी बसविण्याचा व रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय सुचविला. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने कित्येक आठवडे हे काम केले. साथीच्या ऐन भरात एकाच वेळी सुमारे ७० रुग्णांस असा श्वास पुरविला जात होता. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले व इब्सेन यांनी १९५३ मध्ये कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात स्वतंत्र विभाग सुरू केला. पीटर सफर यांनी १९५८ मध्ये बॉल्टिमोर येथे असाच विभाग स्थापिला. १९६२ पासून हृदयविकाराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष निघू लागले; कॅन्झस सिटी येथील ह्यूज डे यांचा कक्ष त्यांपैकी आरंभीचा होय.

कोपनहेगनमध्ये रुग्णाच्या उशाशी अहोरात्र एक माणूस बसलेला असे. पुढे त्याची जागा श्वसनयंत्राने घेतली. उपचार अधिक खात्रीचे झाले, परंतु रुग्णाचे कुटुंब व त्याची खाट यांमध्ये यंत्रांची व नियमांची एक भिंत उभी राहिली.

भेटीवरील निर्बंध : पहिल्या दोन–तीन दशकांत बहुतेक अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ अत्यल्प असे. पुष्कळ ठिकाणी फक्त निकटच्या आप्तांस दर तासाला काही मिनिटे आत सोडत. जंतुसंसर्गाचे भय, रुग्णास विश्रांतीची गरज व कर्मचाऱ्यांच्या कामात येणारा व्यत्यय ही कारणे त्यासाठी सांगितली जात. ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु बंदीमुळे होणाऱ्या हानीचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

हा हिशेब प्रथम बालरुग्णांच्या बाबतीत मांडला गेला. जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर तयार केलेला चित्रपट १९५२ मध्ये दाखविण्यात आला व त्याने ब्रिटिश वैद्यकवर्गात मोठी खळबळ उडविली. १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ देण्याची शिफारस केली. प्रौढ रुग्णांच्या अतिदक्षता विभागांत हा विचार पोहोचण्यास आणखी काही दशके लागली.

आरोग्यशिक्षणाचा प्रवेश : माहिती हे चिंतेवरील एक उपचारसाधन आहे, ही कल्पना शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातून आली. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची भीती व नंतरची मनःस्थिती यांचा संबंध तपासला. होणाऱ्या त्रासाची आगाऊ व यथार्थ कल्पना असलेला रुग्ण त्यास अधिक समर्थपणे तोंड देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. बॉस्टन येथे लॉरेन्स एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये पोटावरील शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर प्रयोग केला. ज्यांना वेदना कोठे व किती होईल, ती कशामुळे होते व ती कमी करण्यासाठी स्वतः काय करावे, हे भूलतज्ञांनी समजावून सांगितले, त्यांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले व ते इतरांपेक्षा लवकर घरी गेले. सांगण्याचाही परिणाम औषधाप्रमाणे मोजता येतो, हे यावरून दिसले. हीच दृष्टी पुढे कुटुंबीयांस लावण्यात आली.

कुटुंबीयांच्या गरजांचा अभ्यास : या विषयाचा पाया परिचारिकांनी घातला. १९७५ मध्ये हँपे यांनी मरणोन्मुख रुग्णांच्या पती वा पत्नीच्या गरजांची नोंद केली. १९७९ मध्ये नॅन्सी मोल्टर यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या ४० नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली व त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावून घेतला. आशेला जागा आहे असे वाटणे, ही गरज सर्वांत वर आली. कर्मचाऱ्यांना आपल्या माणसाविषयी आस्था आहे असा विश्वास, रुग्णाच्या जवळच बसण्याची जागा, अवस्थेत बदल होताच घरी निरोप, रोगाचे संभाव्य भवितव्य कळणे व प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळणे, या गरजाही वरच्या क्रमात होत्या. कर्मचाऱ्यांनी आपली स्वतःची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा मात्र नातेवाइकांनी फारशी व्यक्त केली नाही. आपले दुःख दुय्यम मानण्याची ही वृत्ती असल्याने त्यांची चिंता विचारल्यावाचून उघड होत नाही, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा बोध होय.

जेन लेस्क यांनी या यादीस १९८६ मध्ये मोजमापाच्या सूचीचे रूप दिले व १९९१ मध्ये त्यातील गरजांची आश्वासन, माहिती, सान्निध्य, आधार व सोय अशा पाच गटांत मांडणी केली. पुढील अनेक देशांतील अभ्यासांत आश्वासन व माहिती यांच्या गरजा पुनःपुन्हा अग्रस्थानी आढळल्या. आश्वासन म्हणजे रुग्ण बरा होईल अशी हमी नव्हे, तर त्याच्यासाठी शक्य ते केले जात आहे व आपल्यापासून काही लपविले जात नाही, याची खात्री होय.

आकलनाचा प्रश्न : माहितीची गरज मान्य झाल्यावर ती ‘दिली’ म्हणजे कर्तव्य संपले, असा समज रूढ होण्याचा धोका होता. फ्रान्समधील एली अझुले, फ्रेडेरिक पोशार व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने तो दूर केला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, वैद्यांनी माहिती सांगूनही ५४% कुटुंबप्रतिनिधींना निदान, उपचार वा संभाव्य भवितव्य यांपैकी काहीतरी नीट समजलेले नव्हते. २००१ मध्ये ४३ अतिदक्षता विभागांतील ९२० कुटुंबीयांची पाहणी झाली. त्यांपैकी ६९% व्यक्तींत चिंतेची व ३५% व्यक्तींत नैराश्याची लक्षणे आढळली. म्हणजेच रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यास ज्यांना सांगितले जाते, त्यांतील बहुसंख्य व्यक्ती त्या वेळी स्वतः चिंताग्रस्त असतात. २००५ च्या अभ्यासात रुग्ण विभागातून गेल्यानंतर ९० दिवसांनी सुमारे ३३% कुटुंबीयांत आघातोत्तर तणावाची लक्षणे दिसली. माहिती अपुरी मिळाली असे ज्यांना वाटले होते, त्यांच्यात हे प्रमाण ४८% होते.

यावरील एक साधा उपाय २००२ मध्ये ३४ फ्रेंच विभागांत तपासण्यात आला. विभागाची रचना, भेटीच्या वेळा, संबंधित वैद्याचे नाव, खाटेभोवतालच्या यंत्रांची आकृती व नित्याच्या शब्दांचे अर्थ असलेले एक पत्रक कुटुंबीयांस दिले गेले. अपुऱ्या आकलनाचे प्रमाण त्यामुळे सुमारे ४१ टक्क्यांवरून ११·५ टक्क्यांवर आले.

ऐकण्याचे महत्त्व : २००७ मध्ये अलेक्सांद्र लोत्रेत व सहकारी यांनी २२ फ्रेंच विभागांतील १२६ मरणासन्न रुग्णांच्या कुटुंबीयांबाबत केलेला अभ्यास या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. एका गटात नेहमीप्रमाणे बैठक झाली; दुसऱ्या गटात पाच सूत्रांनुसार बैठक घेऊन दुःखकाळासंबंधीचे माहितीपत्रक देण्यात आले. ही सूत्रे म्हणजे कुटुंबीयांच्या बोलण्याची कदर करणे, त्यांच्या भावना ओळखून त्यांचा उल्लेख करणे, लक्षपूर्वक ऐकणे, रुग्णास एक व्यक्ती म्हणून जाणून घेणे व प्रश्न विचारण्यास उत्तेजन देणे ही होत. नेहमीची बैठक २० मिनिटांची होती व तीत कुटुंबीय ५ मिनिटे बोलले. सूत्रबद्ध बैठक ३० मिनिटांची होती व तीत ते १४ मिनिटे बोलले. ९० दिवसांनंतर चिंतेची लक्षणे पहिल्या गटात ६७%, तर दुसऱ्यात ४५% व्यक्तींत आढळली. नैराश्याचे प्रमाण अनुक्रमे ५६% व २९%, तर आघातोत्तर तणावाचे ६९% व ४५% होते. वैद्यांच्या बोलण्याचा वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता. वाढला तो कुटुंबीयांच्या बोलण्याचा वेळ. चिंतानिवारणात सांगण्याइतकेच ऐकण्यासही स्थान आहे, हे यातून स्पष्ट झाले.

मर्यादा : पुढील सर्वच प्रयोगांस असे यश आले नाही. शॅनन कार्सन व सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन अभ्यासात, दीर्घकाळ श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी उपशामक उपचारतज्ञांनी माहितीपर बैठका घेतल्या; तथापि चिंता कमी झाली नाही व आघातोत्तर तणावाची लक्षणे उलट काहीशी वाढली. २०१७ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या मृत्यूनंतर वैद्यांनी पाठविलेल्या सांत्वनपत्राने दुःख हलके झाले नाही. काहींचे नैराश्य वाढल्याचे दिसले. डग्लस व्हाइट व सहकारी यांच्या २०१८ मधील अभ्यासात पाच अमेरिकन विभागांतील १,४२० रुग्णांच्या कुटुंबीयांस परिचारिकांचे नित्य साहाय्य देण्यात आले. सहा महिन्यांनंतरच्या चिंतेत लक्षणीय फरक पडला नाही. परंतु संवादाचा दर्जा सुधारल्याचे कुटुंबीयांनी नोंदविले.

या निष्कर्षांवरून आरोग्यशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. ज्यांच्याशी पूर्वपरिचय नाही अशा तज्ञांनी सांगितलेली वाईट बातमी किंवा उत्तर देण्याची सोय नसलेले पत्र, यांचा परिणाम ओळखीच्या वैद्याशी वा परिचारिकेशी रोज होणाऱ्या संवादासारखाच होईल असे गृहीत धरता येत नाही, असा त्यांचा अर्थ लावता येतो. शिवाय साधार दुःखावर माहिती हा उतारा नव्हे. समजून घेतलेले दुःख हे दुःखच राहते. मात्र त्यात फसवणुकीचा संशय व अपराधभाव यांची भर पडणे टाळता येते.

सान्निध्य व शिक्षण यांची सांगड : ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या व २०१९ मध्ये रेजिस रोझा व सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका कालखंडात नेहमीची मर्यादित भेट व दुसऱ्यात दिवसाला १२ तासांपर्यंत भेटीची मुभा ठेवण्यात आली. अशी मुभा घेणाऱ्या कुटुंबीयांस विभागातील वातावरण, उपचार, हात धुण्याची पद्धत व रुग्णाच्या मुग्धभ्रांतीची (भान हरपून असंबद्ध बोलण्याच्या अवस्थेची) लक्षणे यांविषयी आधी शिकविले जाई. मुग्धभ्रांतीच्या प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. तथापि कुटुंबीयांची चिंता व नैराश्य यांचे गुणांक कमी आढळले, तर जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. निर्बंधांच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे प्रमुख कारण त्यामुळे दुर्बळ झाले. अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यक संघटनेने २००७ व २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कुटुंबीयांस मोकळी भेट, नियमित बैठका व लेखी माहिती देण्याची शिफारस आहे. रुग्णाच्या अतिदक्षता उपचारांनंतर कुटुंबीयांत टिकून राहणाऱ्या मानसिक लक्षणांना २०१२ पासून एक स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून मान्यता मिळाली आहे.

२०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या महामारीत भेटीची दारे जगभर पुन्हा बंद झाली. दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संपर्काने काही प्रमाणात उणीव भरून निघाली. परंतु पुष्कळ कुटुंबांस आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही. सान्निध्याची गरज किती मूलभूत आहे, याचा हा कठोर प्रत्यय होता.

भारत व महाराष्ट्र : भारतात अतिदक्षता वैद्यकाच्या वाढीत मुंबईचा मोठा वाटा आहे. फारोख उदवाडिया यांनी येथे या शाखेची पायाभरणी केली आणि या विषयातील तज्ञांची भारतीय संघटना १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. भारतीय कुटुंबीयांची परिस्थिती पाश्चात्त्य देशांतील कुटुंबीयांहून काही बाबतींत भिन्न आहे. येथे निर्णय एकट्या प्रतिनिधीचा नसून बहुधा भाऊबंद, व्याही, गावातील जाणते लोक व ओळखीचा डॉक्टर यांच्या विचाराने होतो. रुग्णाबरोबर आलेले पुष्कळ लोक रुग्णालयाच्या ओसरीत, जिन्यात किंवा आवारात दिवस काढतात. कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी दादर येथे चालणारी गाडगे महाराज धर्मशाळा या गरजेची जाण दर्शविते. उपचारांचा मोठा खर्च कुटुंबास पदरचा करावा लागत असल्याने रुग्णाच्या जिवाच्या चिंतेस कर्जाच्या चिंतेची जोड मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये सुरू केलेली व २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव देण्यात आलेली जन आरोग्य योजना व तीतील आरोग्यमित्र यांची या ठिकाणी मदत होते. योजनेत कोणता उपचार बसतो, हे पहिल्याच दिवशी कुटुंबास सांगणे हाही आरोग्यशिक्षणाचाच भाग होय.

श्वसनयंत्राविषयी येथे दोन परस्परविरुद्ध समज आढळतात. ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे सारे संपले’ हा एक व पैशासाठी मृत माणसासही यंत्रावर ठेवतात हा दुसरा. पहिल्यामुळे वाचू शकणाऱ्या रुग्णास उपचार नाकारले जातात, दुसऱ्यामुळे वैद्य व नातेवाईक यांच्यात संघर्ष उद्‌भवतो. श्वसनयंत्र रोग बरा करीत नाही, मूळ रोगावरील उपचार लागू पडेपर्यंत ते श्वसनाचे काम करते. हृदय थांबल्यावर ते यंत्र हृदय चालू ठेवू शकत नाही. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ही १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने व्याख्या केलेली वेगळी अवस्था असून तिची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केली जाते, एवढ्या गोष्टी वेळीच सांगितल्यास संशयाचे पुष्कळसे मूळ नाहीसे होते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शिक्षेचे भय कृत्यास आवर घालू शकते. हल्ल्यामागील अविश्वासावर मात्र संवाद हाच उपाय राहतो. जीवनाधार उपचार थांबविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या व २०२३ मध्ये सुलभ केलेल्या निर्देशांमुळे कुटुंबीयांचा निर्णयातील सहभाग कायद्यानेही महत्त्वाचा झाला आहे.

आशय व पद्धती : उपलब्ध अनुभवावरून या शिक्षणाची काही तत्त्वे स्थिर झाली आहेत. कुटुंबीय रुग्णास प्रथम पाहण्यापूर्वीच त्यांना काय दिसेल, हे सांगावे. पहिल्या २४ ते ४८ तासांत बैठक घ्यावी व ती उभ्याउभ्या न घेता बसून, शक्य तर स्वतंत्र खोलीत घ्यावी. माहिती थोडी थोडी व पुनःपुन्हा द्यावी, कारण भयग्रस्त मन एका वेळी फारसे ग्रहण करीत नाही. ‘समजले का?’ या प्रश्नास बहुधा होकारच मिळतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर इतरांना तुम्ही काय सांगाल?’ असे विचारल्यास आकलनाचा खरा अंदाज येतो. निरनिराळ्या तज्ञांनी परस्परविसंगत माहिती देऊ नये. कुटुंबाने निरोपासाठी एक व्यक्ती नेमावी. मात्र प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना बैठकीतून वगळू नये. ‘प्रकृती स्थिर आहे’ हा शब्दप्रयोग विशेष जपून करावा. वैद्याच्या मते त्याचा अर्थ अवस्थेत बदल नाही असा असतो, तर कुटुंबीय तो धोका टळल्याचा घेतात. अनिश्चितता असल्यास ती तशीच सांगावी व पुढची माहिती केव्हा मिळेल, ती वेळ द्यावी; ती वेळ पाळणे हे सांगितलेल्या मजकुराइतकेच महत्त्वाचे असते. हात धुऊन रुग्णाचा हात धरणे, त्याच्याशी बोलणे, परिचारिकेच्या देखरेखीखाली ओठ ओले करणे यांसारखी लहान कामे कुटुंबीयांस दिल्यास असहायतेची भावना कमी होते.

ही तत्त्वे अमलात येण्यास मुख्य अडचण मनुष्यबळाची आहे. अनेक खाटा सांभाळणाऱ्या परिचारिकेस बैठकीसाठी अर्धा तास काढणे कठीण असते. लेखी पत्रके, प्रशिक्षित समाजसेवक व ठरावीक वेळच्या सामुदायिक माहितीसभा यांनी हा भार हलका करता येतो. परंतु रुग्णाच्या वैद्याने स्वतः येऊन बोलण्याची जागा त्यांपैकी कोणीही घेऊ शकत नाही.

कोपनहेगनमधील विद्यार्थी हाताने श्वास पुरवीत होते तेव्हा रुग्णाच्या उशाशी एक माणूस होता. त्यानंतरच्या सुमारे सात दशकांत यंत्रांनी रुग्ण वाचविण्याची शक्ती कितीतरी वाढविली. याच काळात कुटुंबास प्रथम बाहेर ठेवण्यात आले, मग माहिती सांगण्यात आली, त्यानंतर समजले की नाही हे पाहण्यात आले व अखेरीस त्यांचे ऐकून घेऊन त्यांना खाटेजवळ जागा देण्यात येऊ लागली. या क्रमातील प्रत्येक पायरी सर्वत्र गाठली गेली आहे असे नाही. काही ठिकाणी कुटुंब अजूनही बंद दाराबाहेर ताटकळत असते. अतिदक्षता विभागाच्या गुणवत्तेचा विचार करताना वाचलेल्या रुग्णांच्या संख्येबरोबर त्या दाराबाहेर बसलेल्यांना काय कळते व त्यांचे कोण ऐकते, हेही पाहणे आवश्यक ठरते.